दूरचा नेम आणि थोडका पैसा

दूर पल्ल्याची रायफल आणि तिच्यावर बसवावयाची दुर्बीण या विषयावर एका निवृत्त शाळामास्तराने बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु मी शाळेत गणित शिकवीत असे, आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांना घेऊन वर्षानुवर्षे गोळीबाराच्या मैदानावरही जात असे. तेथे माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. फळ्यावर रुक्ष वाटणारे कोन आणि त्रिज्या मैदानावर एकाएकी जिवंत होतात. मध्यंतरी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अमेरिकेहून पत्र आले. तेथील एका नेमबाजी मंडळाचा तो सभासद झाला आहे. हजार वारांवरच्या निशाणावर नेम धरावयाची त्याला हौस आहे. त्यासाठी त्याने दोन हजार डॉलर बाजूला ठेविले आहेत, आणि त्यांत रायफल कोणती व दुर्बीण कोणती घ्यावी, असा त्याचा प्रश्न आहे. हा प्रश्न वरवर खरेदीचा दिसतो. परंतु त्याच्या पोटात थोडे गणित आहे, थोडे पदार्थविज्ञान आहे आणि थोडी मनुष्यस्वभावाची ओळखही आहे. म्हणून आज त्याचाच विचार आपणांपुढे मांडावा, असे मी योजिले आहे.

प्रथम एक खुलासा. हा खेळ मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्याखेरीज रायफल बाळगता येत नाही. सैन्यात वापरल्या जाणाऱ्या कित्येक बोअरची शस्त्रे सामान्य नागरिकाला वर्ज्य आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते जेथे असा खेळ कायदेशीर रीतीने, राखीव मैदानावर चालतो तेथील माणसासाठी आहे. ज्यांना रायफल घ्यावयाची नाही त्यांनीही ऐकावे. थोडक्या पैशांत साधन कसे निवडावे, हा प्रश्न कोणाला चुकला आहे?

या खेळाला मोठी परंपरा आहे. इंग्लंडातील नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १८५९ साली झाली. पुढील वर्षी लंडनजवळच्या विंबल्डन येथील मैदानावर पहिला मेळावा भरला, तेव्हा पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली. १८९० पासून हा मेळावा बिस्ले येथे भरतो. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाचे मैदान होते. तेथे १८७४ साली आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० व १००० वारांवर सामना झाला. अमेरिकेला ९३४ गुण मिळाले आणि आयर्लंडला ९३१. अवघ्या तीन गुणांनी आयरिश संघ हरला. आणि तोही कसा? त्यांच्यातील एका नेमबाजाची एक गोळी अगदी मध्यबिंदूवर लागली, परंतु ती शेजारच्या, दुसऱ्याच्या निशाणावर! अशा गोळीला गुण मिळत नाही. मध्यबिंदूचे चार गुण गेले आणि त्यांबरोबर सामनाही गेला. रायफल निर्दोष होती, काडतूस निर्दोष होते. चुकले ते मनुष्याचे अवधान. ही हकीकत आपण ध्यानात ठेवावी, कारण आजच्या भाषणाचे सार तिच्यात आलेले आहे.

आता गणिताकडे वळू. आपल्या पंचांगात अंश, कला, विकला हे शब्द येतात. एका अंशाचे साठ भाग केले की एक कला होते. नेमबाज आपल्या रायफलीचा नेमकेपणा या कलेनेच मोजतात. शंभर वारांवर, म्हणजे तीनशे फुटांवर, एक कला म्हणजे साधारण एक इंच. बारकाईने सांगावयाचे तर १.०४७ इंच. अंतर दसपट झाले की इंचही दसपट होतात. हजार वारांवर एक कला म्हणजे जवळजवळ साडेदहा इंच. एखादी रायफल ‘एका कलेची’ आहे असे म्हणतात, तेव्हा अर्थ इतकाच, की वारा नसताना, चांगल्या हाती, चांगल्या काडतुसांनी ती आपल्या सर्व गोळ्या शंभर वारांवर सुमारे इंचभर वर्तुळात टाकते. दुसरे माप मिलिरेडियनचे, ज्याला नेमबाज थोडक्यात ‘मिल’ म्हणतात. एका मिलमध्ये सुमारे ३.४४ कला असतात, आणि शंभर मीटरवर एक मिल म्हणजे बरोबर दहा सेंटिमीटर. दशमान पद्धतीत वाढलेल्यांना हे दुसरे माप सोपे जाते. परंतु कोणतेही एकच घ्यावे. दुर्बिणीतील रेषा एका मापाच्या आणि तिची फिरकी दुसऱ्या मापाची, अशी जोडी स्वस्त दुर्बिणींत आढळते. ती घेतली की प्रत्येक गोळीला त्रैराशिक मांडावे लागते.

गोळी सरळ रेषेत जाते असा सामान्य समज आहे. तो खरा नव्हे. नळीबाहेर पडताक्षणी ती खाली येऊ लागते, कारण गुरुत्वाकर्षण वेगवान वस्तूलाही सवलत देत नाही. .३०८ विंचेस्टर हे १९५२ सालचे सुप्रसिद्ध काडतूस घ्या. त्याची १७५ ग्रेन वजनाची गोळी दर सेकंदास सुमारे २६०० फूट वेगाने निघते. रायफल शंभर वारांवर नीट मिळवून घेतली आणि तशीच हजार वारांवर झाडली, तर गोळी नेमाच्या सुमारे बत्तीस फूट खाली जाते. तीन मजली घराच्या उंचीइतके हे अंतर झाले. कलांच्या हिशेबाने ते सुमारे ३७ भरते. म्हणजे नेमबाजाने दुर्बिणीची फिरकी ३७ कला फिरवून नळीचे तोंड तितके वर केले पाहिजे. ही घट मोठी असली तरी तिच्यापासून भय नाही. अंतर ठाऊक असेल तर ती आधी काढून ठेवता येते, कोष्टकात लिहून ठेवता येते, आणि आज जितकी आहे तितकीच जवळपास उद्याही असते.

खरा प्रतिस्पर्धी वारा. ताशी दहा मैलांचा, म्हणजे सोळा किलोमीटरांचा आडवा वारा याच गोळीला हजार वारांवर सुमारे आठ फूट बाजूला लोटतो. मैदानावर वारा एकसारखा कधी वाहत नाही. नेमबाजाजवळ एक, मध्यावर दुसरा, निशाणाजवळ तिसरा! वाऱ्याचा अंदाज केवळ ताशी दोन मैलांनी चुकला तरी गोळी वीस इंच बाजूला पडते. आता हजार वारांवरील स्पर्धेचे निशाण पाहा. अमेरिकेत एफ-क्लास नावाच्या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास दहा इंच असतो, म्हणजे जवळजवळ एक कला.

येथे आपण मूळ प्रश्नाचे गणित मांडू शकतो. समजा, एका कलेची रायफल आहे. तिच्या दुप्पट-तिप्पट किंमत देऊन अर्ध्या कलेची रायफल घेतली. हजार वारांवर गोळ्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेदहा इंचांवरून सव्वापाच इंचांवर आला. म्हणजे मध्यापासून बाहेर जाणारी गोळी फार तर पावणेतीन इंच आत आली. याउलट, वारा वाचण्यात ताशी दोन मैलांची चूक वीस इंच देते. पावणेतीन इंच वाचविण्यासाठी हजार डॉलर खर्चावयाचे, आणि वीस इंच वाचविण्यासाठी सरावाला पैसाच शिल्लक ठेवावयाचा नाही, याला व्यवहार म्हणत नाहीत. माझे सांगणे एका वाक्यात असे: रायफल पुरेशी घ्यावी, दुर्बीण विश्वासाची घ्यावी आणि उरलेला पैसा काडतुसांसाठी राखून ठेवावा.

आता एकेक वस्तू घेऊ. प्रथम काडतूस, कारण ते ठरले की रायफल अर्धी ठरली. .३०८ चे काडतूस सर्वत्र मिळते, त्याची नळी दीर्घकाळ टिकते आणि धक्का सहन करण्याजोगा असतो. परंतु हजार वारांवर त्याच्या गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ येऊन ठेपतो, आणि त्या संधीवर काही गोळ्या डळमळू लागतात. दुसरे काडतूस ६.५ क्रीडमूर. मघाशी सांगितलेल्या त्या जुन्या मैदानाचेच नाव हॉर्नाडी कंपनीने २००७ साली या काडतुसाला दिले. त्याची गोळी बारीक व लांबट असल्यामुळे हवा कापण्यात सरस ठरते. हजार वारांवर तिची घट सुमारे सत्तावीस फूट, आणि दहा मैलांच्या वाऱ्यात तिचे सरकणे सुमारे सहा फूट. आठाऐवजी सहा फूट, हा लाभ लहान नव्हे. आणि तो जवळपास त्याच किमतीच्या रायफलीत मिळतो. मात्र तिची नळी .३०८ च्या मानाने लवकर झिजते. तिसरे .२२३ रेमिंग्टन. ते आणखी स्वस्त, धक्का नाममात्र. वजनदार गोळी व योग्य आट्यांची नळी असेल तर सहाशे वारांपर्यंत शिकण्यास उत्तम. नवशिक्याने मोठ्या, प्रचंड शक्तीच्या काडतुसांचा मोह टाळावा. त्यांची किंमत जबर असते, आणि धक्का इतका असतो की दहाव्या गोळीला डोळे मिटू लागतात. चाप ओढण्यापूर्वीच अंग आक्रसण्याची सवय एकदा जडली की ती घालविण्यास महिने लागतात.

‘आटे’ हा शब्द मी वापरला. त्याचा खुलासा करतो. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळीला भोवऱ्यासारखी गिरकी मिळते आणि ती हवेत तोंड सरळ ठेवून जाते. लांब गोळीला वेगवान गिरकी लागते. ६.५ क्रीडमूरच्या नळीत साधारणतः आठ इंचांत एक फेरा असतो, .३०८ मध्ये दहा ते बारा इंचांत एक. .२२३ घेताना मात्र हा आकडा विचारून घ्यावा. बारा इंचांत एक फेरा असलेली नळी हलक्या गोळ्यांसाठी असते. लांब पल्ल्याच्या जड गोळ्या तिच्यातून निघून वेड्यावाकड्या जातात. त्यासाठी सात किंवा आठ इंचांत एक फेरा हवा. दुकानदार हे आपण होऊन सांगेलच असे नाही.

रायफल घ्यावयाची ती बोल्टची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे करावयाची. तिची रचना साधी असते, त्यामुळे थोड्या पैशांतही नेमकेपणा मिळतो. सॅव्हेज कंपनीची ११० ही १९५८ पासूनची, रेमिंग्टनची ७०० ही १९६२ पासूनची. शिवाय रुगरची अमेरिकन, जपानची होवा १५००, फिनलंडची टिक्का, स्पेनची बर्गारा ही नावे वारंवार ऐकू येतात. यांतील कोणाचीही जाहिरात करणे हा माझा हेतू नाही. सांगावयाचे ते इतकेच, की यंत्रांची सफाई आता इतकी वाढली आहे, की स्वस्तातली रायफलही चांगल्या काडतुसाने एका कलेच्या आसपास गोळ्या टाकू शकते. पन्नास वर्षांपूर्वी त्यासाठी कुशल कारागिराकडून नळी बसवून घ्यावी लागे. निवडताना तीन गोष्टी पाहाव्या. नळी जाडसर असावी, म्हणजे वीस गोळ्यांनी तापून वाकडी चालणार नाही. चाप हलका व स्वच्छ सुटणारा असावा. अडखळत, रखडत सुटणारा चाप नेम हलवितो. आणि दस्ता असा असावा की गाल टेकला असता डोळा आपसुख दुर्बिणीच्या मध्यावर यावा. शेवटच्या गोष्टीला पैसा लागतोच असे नाही. दस्त्यावर घडी केलेले कापड बांधून गालाची उंची साधणारे नेमबाज मैदानोमैदानी दिसतात.

रायफल पारखताना एक सावधगिरी सांगतो. विक्रेते तीन गोळ्यांचा गट असलेला कागद दाखवितात आणि ‘पाहा, अर्धी कला!’ म्हणतात. तीन प्रश्नांच्या परीक्षेवरून मुलाची बुद्धी ठरविणारा मास्तर आणि तीन गोळ्यांवरून रायफल ठरविणारा गिऱ्हाईक, हे दोघे सारखेच. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. दहा गोळ्यांचा गट पाहावा. आणि तो नेहमी तीन गोळ्यांच्या गटाहून मोठाच असणार, हे जाणून निराश होऊ नये.

आता दुर्बीण. येथे सामान्य माणूस हमखास फसतो, कारण तो तिच्यातून पाहतो आणि ‘किती मोठे दिसते!’ म्हणून खूष होतो. वस्तुतः दुर्बिणीचे पहिले काम मोठे दाखविणे हे नव्हे. याला घरचाच दाखला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, आणि त्या खेळात मोठे दाखविणारी दुर्बीण लावण्यास मनाई आहे. बारीक छिद्रातून पाहून नेम धरावा लागतो. तेव्हा मोठे दिसणे आणि नेमके लागणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

मग दुर्बिणीचे पहिले काम कोणते? फिरकी जितकी फिरवाल तितकाच नेम सरकविणे, आणि परत फिरवाल तेव्हा मूळ जागी परत येणे. मघाचे ३७ कलांचे उदाहरण घ्या. दुर्बीण शंभरात तीन इतकी खोटी असेल, तर ३७ कलांत एक कलेहून थोडी अधिक चूक होते. म्हणजे हजार वारांवर जवळजवळ साडेअकरा इंच. अर्ध्या कलेच्या महाग रायफलीने जे मिळविले त्याच्या चौपट या फिरकीने घालविले! म्हणून दोन दुर्बिणींत निवड करावयाची असेल, तर काचेचा झगमगाट कमी असला तरी चालेल, परंतु जिची फिरकी प्रामाणिक तीच घ्यावी.

ही प्रामाणिकता तपासण्याची रीत सोपी आहे. शंभर वारांवर एक उंच कागद लावावा. त्यावर ओळंबा सोडून उभी रेषा आखावी. खालच्या खुणेवर नेम धरून काही गोळ्या झाडाव्या. मग फिरकी ३० कला वर फिरवून, नेम त्याच खालच्या खुणेवर ठेवून, पुन्हा झाडावे. दुसरा गट पहिल्याच्या ३१.४ इंच वर आणि त्याच उभ्या रेषेवर पडावयास हवा. अंतर मात्र फितीने मोजलेले असावे. पावलांनी मोजलेल्या शंभर वारांवर दुर्बिणीचा न्याय करू नये. गट तीस इंचांवरच पडला, तर दुर्बीण टाकून देण्याचे कारण नाही. चूक नेहमी तितकीच असेल तर ती कोष्टकात मिळवून घेता येते. परंतु कधी तीस, कधी बत्तीस असे होऊ लागले, तर ती दुर्बीण परत करावी. नियमित चुकणारे घड्याळ वापरता येते, लहरी घड्याळ वापरता येत नाही.

दुसरी गोष्ट, फिरकी फिरण्यास आत जागा पुरेशी हवी. पुष्कळ साध्या दुर्बिणींत तळापासून माथ्यापर्यंत चाळीस ते साठ कलांची जागा असते. परंतु शंभर वारांवर रायफल मिळविली की काटा मध्यावर असतो, आणि वर जाण्यास उरतात वीस ते तीस. लागतात ३७. यावर उपाय म्हणजे २० कलांचा उतार असलेली बैठक रायफलीवर बसविणे. तिच्यायोगे दुर्बीण पुढील बाजूस किंचित झुकते आणि वरची जागा तितकी वाढते. थोडक्या पैशांचा हा तुकडा, परंतु तो विसरल्यास सातशे वारांपुढे दुर्बीण हात टेकते. बैठक आणि कड्या घेताना काटकसर करू नये. त्यांचे स्क्रू ठरावीक जोराने, मोजून आवळावे. ‘रायफल बिघडली’ म्हणून येणाऱ्या पुष्कळ तक्रारींचे मूळ एका सैल स्क्रूत असते.

तिसरी गोष्ट, भासभेदाची, ज्याला शास्त्रात पॅरॅलॅक्स म्हणतात. भिंतीवरील घड्याळाकडे समोरून न पाहता बाजूने पाहिले की मिनिटकाटा एखादे मिनिट पुढे-मागे दिसतो. दुर्बिणीतही निशाणाची प्रतिमा आणि नेमाच्या रेषा एकाच पातळीवर नसतील, तर डोळा किंचित हलताच नेम हललेला दिसतो. दूर पल्ल्याच्या दुर्बिणीला हा दोष काढण्याची वेगळी फिरकी असते. ती अवश्य असावी.

चौथी गोष्ट, वस्तू किती पट मोठी दिसावी. दहा ते पंधरा पट पुरते. पंचवीस पटीवर आपले स्वतःचे थरथरणेही पंचवीस पट दिसते, दृष्टीचा घेर आक्रसतो आणि उन्हात मृगजळ इतके उसळते की निशाण पाण्यात बुडाल्यासारखे होते. हेच मृगजळ मध्यम शक्तीच्या दुर्बिणीतून पाहणाऱ्याला मात्र उपकारक ठरते. ते ज्या दिशेला वाहते तीच वाऱ्याची दिशा. सरळ वर उकळत असेल तर त्या घटकेला वारा पडलेला, नाहीतर तो नेमाच्याच रेषेतून, समोरून वा पाठीमागून वाहणारा. स्वस्तात पंचवीस पट देणारी दुर्बीण आणि त्याच किमतीत स्थिर दहा पट देणारी, यांत दुसरी बहुधा अधिक भरवशाची निघते, कारण तिच्यात हलणारे भाग कमी आणि पैसा कामाच्या जागी लागलेला.

आता माझ्या विद्यार्थ्याचे दोन हजार डॉलर वाटून पाहू. हे आकडे उदाहरणापुरते समजावे; भाव चढतात, उतरतात. रायफलीला सातशे. दुर्बिणीला पाचशे. बैठक व कड्या यांना शंभर. पुढे टेकू म्हणून दोन पायांची घोडी, मागे वाळूची पिशवी आणि कानांचे संरक्षण, मिळून दोनशे. उरले पाचशे. स्पर्धेच्या प्रतीचे काडतूस दीड डॉलरचे धरले तर ३३३ काडतुसे आली. दर खेपेस तीस झाडली तर अकरा खेपा. एका ऋतूचे शिक्षण यात होते. हाच मनुष्य सोळाशेची रायफल घेऊन चारशेत दुर्बीण बसवील, तर त्याच्यापाशी अतिशय सुंदर वस्तू असेल, परंतु तिच्यात घालण्यास काही नसेल. वापरलेली दुर्बीण विकत घेणे हाही एक मार्ग आहे. काही कारखानदार हमी मूळ गिऱ्हाइकापुरती न ठेवता वस्तूबरोबर पुढच्या मालकालाही देतात. वापरलेली रायफल मात्र नळीच्या आरंभीचा भाग झिजला नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घेतल्याखेरीज घेऊ नये.

पैसा याहूनही कमी असेल तर? मग .२२ ची साधी रायफल घ्यावी, जिच्यावर आमची छात्रसेनेची मुले शिकत. तिची गोळी संथ असल्यामुळे दोनशे वारांवरच तिला वाऱ्याचे सारे भोग भोगावे लागतात. दहा मैलांचा वारा तिला तेथे फुटाहून अधिक हलवितो. म्हणजे हजार वारांचे मैदान नसले, तरी तेथील विद्या दोनशे वारांवर, काही सेंटांच्या काडतुसात शिकता येते. फिरकी फिरविणे, वारा वाचणे, श्वास सोडून अर्ध्यावर थांबणे, चाप हळूवार दाबणे, आणि प्रत्येक गोळीची वहीत नोंद करणे ही पाचही अंगे तिच्यात आहेत. त्या नोंदवहीला तर किंमतच पडत नाही. कोणत्या दिवशी, किती उष्णतेत, कोणता वारा धरून, फिरकी किती फिरविली आणि गोळी कोठे पडली, हे ज्याने वर्षभर लिहिले त्याला दुसऱ्याच्या कोष्टकाची गरज उरत नाही.

एका गोष्टीविषयी मला अधिक गंभीरपणे बोलले पाहिजे. निशाणाला न लागलेली गोळी नाहीशी होत नाही. .३०८ ची गोळी मोकळ्या हवेत कित्येक किलोमीटर जाऊ शकते. म्हणून पाठीमागे मातीचा भक्कम बांध असलेल्या मान्य मैदानाबाहेर हा खेळ खेळू नये. परदेशी जेथे शिकार कायदेशीर आहे, तेथेही कागदावरचा पल्ला जनावरावर अजमावू नये. हजार वारांपर्यंत पोहोचण्यास गोळीला दीड सेकंदाहून अधिक काळ लागतो. तेवढ्यात हरिण एक पाऊल टाकते, आणि मरणाऐवजी मोडलेला पाय घेऊन रानात जाते. कागदावर वीस इंचांची चूक म्हणजे काही गुण कमी. जिवंत प्राण्यावर तीच चूक म्हणजे कित्येक दिवसांच्या यातना. ज्याला आपल्या चुकीचे माप ठाऊक आहे, तो असे धाडस करणार नाही. साधन चांगले मिळाले म्हणजे हात चांगला झाला, हा भ्रम येथे सर्वांत महाग पडतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते.

शेवटी, वयस्क श्रोत्यांसाठी एक हकीकत. मघाशी मी एफ-क्लास या प्रकाराचा उल्लेख केला. कॅनडातील जॉर्ज फार्कहारसन नावाच्या नेमबाजाला म्हातारपणी छिद्रातून नेम धरणे जमेना. तेव्हा त्यांनी दुर्बीण लावण्याची आणि रायफल टेकूवर ठेवण्याची मुभा मागितली. त्यातून हा प्रकार उदयास आला, आणि त्याच्या नावातील ‘एफ’ हे अक्षर त्यांच्याच नावावरून आले. आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. त्यातील एका शाखेत तर काडतुसे फक्त .२२३ व .३०८ हीच चालतात, म्हणजे ज्याची थैली लहान आहे त्यालाही तेथे जागा आहे. डोळे मंदावले म्हणून खेळ सोडावा असे त्या गृहस्थांना वाटले नाही. आणि पैसा थोडा म्हणून खेळ सुरूच करू नये, असे माझ्या विद्यार्थ्याला वाटू नये, एवढ्यासाठी हा सगळा हिशेब मांडला. त्याला मी कळविणार आहे ते हेच, की सातशेची रायफल पुरे, दुर्बिणीची फिरकी ओळंब्याने तपासून घे, आणि पहिली शंभर काडतुसे संपेपर्यंत दुसरे काही विकत घेऊ नकोस.